वजीर मिळतोय, तरी पुढे बघा

पट घ्या आणि एवढ्याच सोंगट्या मांडा. काळा राजा एच८ वर, जी७ आणि एच७ वर त्याची दोन प्यादी, हत्ती ई८ वर, वजीर डी६ वर. पांढरा राजा जी१ वर, त्याच्यापुढे एफ२, जी२, एच२ ही प्यादी, वजीर सी४ वर, घोडा जी५ वर. चाल पांढऱ्याची.

घोडा एफ७ वर नेला की राजाला शह बसतो आणि डी६ वरचा वजीरही त्याच घोड्याच्या माऱ्यात येतो. राजा जी८ वर सरकतो. आता वजीर मारायचा मोह होणारच. मारलात तर डावही जिंकाल, पण कोडं सुटलेलं नसतं. घोडा एच६ वर न्या. घोड्याचा शह आणि सी४ वरून वजिराचाही, म्हणजे दुहेरी शह. घोडा मारला तरी वजिराचा शह उरतो, त्यामुळे राजाला हलावंच लागतं. एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन मात. म्हणून तो एच८ वर परततो. आता वजीर थेट जी८ वर! एच६ च्या घोड्याचा त्याला जोर असल्यानं राजा मारू शकत नाही, हत्तीलाच मारावं लागतं. मग घोडा पुन्हा एफ७ वर, आणि स्वतःच्याच हत्ती-प्याद्यांनी कोंडलेल्या राजावर मात होते.

वजिराचं बलिदान पहिल्याच चालीत केलं असतं तर? राजानं तो फुकट खाल्ला असता. सगळी मख्खी इथं आहे, घोडा आधी एच६ वर हवा. वजीर देऊन कोंडून मात करण्याची ही कल्पना लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ च्या पुस्तकातही आहे. पाचशे वर्षं ती शिकवली जातेय, कारण एकदा नीट पाहिली की ती विसरत नाही.

अशा आकृत्या ओळखीच्या होणं हाच कोडी सोडवण्याचा खरा फायदा. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली खेळाडूंना काही सेकंदच पट दाखवून सोंगट्या आठवून मांडायला लावल्या. खऱ्या डावातली स्थिती असली की मातब्बर खेळाडू नवशिक्यांच्या कितीतरी पुढे असत. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की फरक जवळपास पुसला जाई. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती, त्यांच्या डोक्यात आकृत्यांचा साठा होता.

हा साठा स्थिती मांडून, अभ्यासून वाढवायची पद्धत आपल्याकडेही जुनी. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं, ते मुख्यतः अशा बिकट स्थितींचंच.

आज मोबाईलवर हवी तेवढी कोडी फुकट मिळतात, आणि मला काळजी वाटते ती इथंच. घड्याळ लावून मुलं पहिली चाल अंदाजानं दाबतात. चुकली तर पुढचं कोडं. त्यातून बोटांना वेग येतो, पण समोरच्याचं उत्तर शोधायची सवय लागत नाही. बुद्धिबळात निम्म्या चाली समोरच्याच्या असतात. वरच्या कोड्यात राजा एफ८ वर गेला तर काय, हे ज्यानं पाहिलंच नाही, त्यानं ते अर्धंच सोडवलं. स्वीडनचे ग्रँडमास्टर हान्स टिक्कानेन तर कोड्यांचा तोच संच पुन्हा पुन्हा, दर फेरीत कमी वेळात सोडवत. नव्या कोड्यांची हाव धरण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

आणखी एक अडचण कोड्याच्या स्वभावातच आहे. कोडं समोर आलं म्हणजे इथं काहीतरी दडलंय, हे आधीच ठाऊक असतं. डावात ते कुणी सांगत नाही. म्हणून शिकवणाऱ्यांनी दहा कोड्यांत दोन-तीन स्थिती अशा मिसळाव्यात, ज्यांत कसलीही युक्ती नाही, साधी बरी चालच शोधायची आहे. आणि पटाला हात लावण्याआधी पूर्ण उत्तर, काळ्याच्या प्रत्येक पर्यायासकट, वहीत लिहून घ्यावं.