केमोथेरपी आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची मोजणी

कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णास प्रत्येक मात्रेपूर्वी ‘सीबीसी’ ही रक्ततपासणी करण्यास सांगितले जाते. अनेक कुटुंबांस ही केवळ औपचारिकता वाटते. प्रत्यक्षात रुग्णाची संसर्गाशी लढण्याची शक्ती किती उरली आहे, हे याच अहवालावरून समजते.

केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. अस्थिमज्जेत रक्तपेशीही वेगाने तयार होत असल्याने त्यांची निर्मिती काही काळ मंदावते. पांढऱ्या पेशींपैकी ‘न्यूट्रोफिल’ या पेशी जिवाणू व बुरशी यांच्याविरुद्ध प्रथम धावून जातात. रक्तात त्यांचे आयुष्य अल्प असते. बहुतेक उपचारांत औषध दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्यांची संख्या सर्वांत कमी होते.

अहवालात केवळ पांढऱ्या पेशींची एकूण संख्या पाहू नये. समजा, दोन रुग्णांची एकूण संख्या प्रति मायक्रोलिटर २,२०० आहे. पहिल्याच्या न्यूट्रोफिल पेशी ७० टक्के, म्हणजे १,५४० आहेत. दुसऱ्याच्या २० टक्के, म्हणजे अवघ्या ४४०. ही संख्या १,५०० पेक्षा कमी असल्यास न्यूट्रोफिल घटले असे मानतात आणि ५०० पेक्षा कमी असल्यास गंभीर संसर्गाचा धोका पुष्कळ वाढतो. रक्ताच्या कर्करोगात तर रोगग्रस्त पेशींमुळे एकूण संख्या मोठी दिसूनही उपयोगी न्यूट्रोफिल थोडेच असू शकतात. काही प्रयोगशाळा २,२०० ऐवजी ‘२.२’ असे हजारांत छापतात. त्यामुळे घाबरून जाऊ नये, सोबतचे एकक पाहावे.

न्यूट्रोफिल कमी असताना संसर्ग झाला तरी पू, सूज, कफ ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही, कारण ती निर्माण करणाऱ्या पेशीच अपुऱ्या असतात. अनेकदा ताप हीच एकमेव सूचना असते. म्हणून घरी तापमापक ठेवावा. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक भरल्यास, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरल्यास, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचताच केमोथेरपी सुरू असल्याचे प्रथम सांगावे. अशा रुग्णास शक्यतो तासाभरात शिरेतून प्रतिजैविक देणे आवश्यक असते. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहण्याची सवय घरोघरी आहे. इतर वेळी ती चालून जाते. येथे ती जिवावर बेतू शकते. ताप मोजण्यापूर्वी व डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये.

संख्या कमी आढळल्यास डॉक्टर पुढील मात्रा काही दिवस लांबवतात किंवा पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात. मात्रा लांबली म्हणजे रोग बळावला, असा अर्थ नव्हे. पेशी वाढाव्यात म्हणून काढे, पानांचे रस वा चूर्णे डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. काहींचा यकृतावर व औषधांच्या परिणामावर प्रभाव पडतो. हात साबणाने धुणे, ताजे शिजवलेले अन्न, उकळलेले पाणी आणि सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना नम्रपणे दूर ठेवणे, एवढी काळजी मात्र रोज घ्यावी.

शेवटच्या मात्रेची तारीख, औषधांची नावे, मागील सीबीसी अहवाल आणि उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक एकाच पिशवीत, घरातील सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावा.