भाग: स्पॅनिश वाचताना आपलं डोकं कुठे घसरतं?

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप, हेडफोन नसलेल्यांसाठी.

सुरुवात माझ्याच फजितीने. आमची एक टीम मेक्सिकोत आहे. ग्रुपवर मेसेज आला: "आल क्लिएन्ते लो यामो लुसीया." (नाव बदललंय.) मला शब्द सगळे येत होते. क्लायंट, फोन, लुसीया. मी मॅनेजरला सांगून टाकलं, "क्लायंटनेच लुसीयाला फोन केला." मग कॉलवर सगळ्यांसमोर तिला विचारणा झाली, "तू स्वतःहून फोन का नाही केलास?" ती गप्प झाली. कारण फोन तिनेच केला होता.

नेमकं काय चुकलं? मी पहिलं नाम दिसलं की त्यालाच कर्ता ठरवलं. बिल व्हॅनपॅटन नावाच्या भाषाअभ्यासकाने याला 'पहिल्या नामाचं तत्त्व' म्हटलंय. नवशिके वाचक हे सर्रास करतात. इंग्रजीत ते चालून जातं, कारण तिथे बहुतेक वेळा जागेवरूनच कर्ता कळतो. स्पॅनिशमध्येही कर्ता-क्रियापद-कर्म हा नेहमीचा क्रम आहे, पण तो सहज बदलतो. बोलणं क्लायंटबद्दल चालू असेल, तर क्लायंट आधी येतो आणि नवी माहिती, म्हणजे लुसीया, शेवटी.

मग स्पॅनिश माणूस गोंधळत का नाही? तो खुणा बघतो. 'आल' म्हणजे 'आ' अधिक 'एल'. हा 'आ' माणसाच्या आधी लागून सांगतो की हे कर्म आहे. पुढचा 'लो', म्हणजे 'त्याला', तेच पक्कं करतो. उरली लुसीया, तीच कर्ती.

आता गंमत बघा. हेच वाक्य मराठीत: "क्लायंटला लुसीयाने फोन केला." क्लायंट पहिला आहे, तरी कुणी गोंधळतं का? आपला 'ला' शब्दाच्या मागे चिकटतो, त्यांचा 'आ' पुढे येतो, एवढंच. मी स्पॅनिश इंग्रजीतून शिकलो आणि घरचं शहाणपण घरीच ठेवून आलो!

'मे गुस्ता एल काफे' घ्या. इंग्रजीतून आलेल्यांना हे उलटं वाटतं. आपल्याला? "मला कॉफी आवडते." पुस्तकं असतील तर 'गुस्तान', आपलं 'आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं.

दुसरी घसरण क्रियापदाच्या शेपटीवर. 'यामो'मध्ये 'या'वर जोर दिला तर "मी फोन करतो". 'मो'वर जोर दिला, म्हणजे लिहिताना शेवटच्या अक्षरावर छोटी तिरकी रेघ आली, तर "त्याने किंवा तिने फोन केला". एका रेघेने माणूसही बदलतो आणि काळही. नवशिके मात्र 'आयेर', म्हणजे 'काल', असा शब्द शोधून काळ ठरवतात आणि शेपटी सोडून देतात. आमच्या मेसेजमध्ये 'आयेर' नव्हताच.

म्हणून आता माझा क्रम ठरलाय: आधी क्रियापदाची शेपटी, मग 'आ', मग 'लो' किंवा 'ला'. आणि हो, त्यांचा 'ला' म्हणजे 'तिला', आपला प्रत्यय नव्हे! कर्ता सगळ्यात शेवटी ठरवायचा.

लुसीयाची माफी मागितली, त्याच कॉलवर, सगळ्यांसमोर. "लो सिएन्तो" म्हणालो. तिथे कर्ता मीच होतो, आणि ते क्रियापदाच्या शेपटीतच होतं.

भेटू पुढच्या भागात!