मुंबईचा प्लेग ते ओटावाचे झॉम्बी

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. मुंबईत प्लेग येऊन दहा वर्षं होत आली होती आणि दर हिवाळ्यात तो नव्यानं डोकं वर काढत होता. त्या हंगामात दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद सरकारी दप्तरात राहिली. दोन दशकांनी तेच आकडे एडिंबरात दोघांच्या हाती पडले. अँडरसन मॅकेन्ड्रिक हे भारतात वैद्यकीय सेवेत राहून परतलेले डॉक्टर. विल्यम करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.

या दोघांच्या १९२७ च्या निबंधात लोकसंख्येचे तीन गट आहेत: लागण होऊ शकणारे, बाधित आणि हिशोबातून बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले. गावातला शेवटचा माणूस आजारी पडेपर्यंत साथ थांबत नाही, असं नाही. लागण होऊ शकणारे एका मर्यादेखाली आले की ती ओसरू लागते, हा त्यातला मोठा निष्कर्ष. पडताळ्याला मुंबई घेतली. त्यांच्या सूत्राची वक्ररेषा सतराव्या आठवड्यात सुमारे ८९० मृत्यूंचं शिखर गाठून उतरते, आणि प्रत्यक्ष नोंदी तिच्या अगदी लगत जातात. आजही पाठ्यपुस्तकांत हा आलेख दिसतो.

मला मात्र त्याखालचा मजकूर अधिक मोलाचा वाटतो. माणसातला प्लेग ही उंदरांमधल्या प्लेगची सावली आहे, सगळ्या उंदरांना लागणीचा धोका सारखाच आहे आणि साथीचा वेग हंगामभर बदलत नाही, ही आपली गृहीतकं काटेकोर खरी नाहीत, असं दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं. पुढच्या अभ्यासकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं ठरावीक महिन्यांतच चढे आणि उतरे. त्यात पिसवा, उंदीर आणि हवामान यांचा हात होता. म्हणजे रेषा जुळली, तरी साथ ओसरण्याचं कारण वेगळं असू शकत होतं.

२००९ मध्ये कॅनडातल्या ओटावात रॉबर्ट स्मिथ? (आडनावापुढचं प्रश्नचिन्ह त्यांचं स्वतःचं) आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हीच तीन गटांची चौकट सिनेमातल्या झॉम्बींना लावली. स्मिथ? एचआयव्ही आणि मलेरियाची गणितं मांडणारे. इथे तिसरा गट हिशोबाबाहेर राहत नाही. मेलेला उठून पुन्हा चावायला येतो. गटांच्या आकृतीतल्या या एका उलट्या बाणानं सगळं उत्तर फिरतं. पाच लाखांचं शहर काही दिवसांत झॉम्बींच्या ताब्यात जातं. विलगीकरण अपुरं पडतं, औषध सापडलं तर थोडीच माणसं तगून राहतात. तरणोपाय एकच, ठरावीक अंतरानं आणि दर वेळी अधिक जोरानं केलेले हल्ले. काहींना हा पोरखेळ वाटला. मला वाटत नाही. खऱ्या रोगाची पुरेशी माहिती हाती नसताना गृहीतकं मांडून त्यांचे परिणाम तपासण्याचा हा सराव होता, आणि तो विद्यार्थ्यांना गोडीनं करता आला.

मग २०२० आलं. त्या जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली, इमारतींत सुमारे १६ टक्के. सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात, हे १९२७ चं गृहीतक एका शहरात इतक्या उघडपणे मोडलेलं क्वचितच दिसलं असेल. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईसाठी जी प्रतिकृती रचली, तिच्यात घर, कामाची जागा, शाळा यांतल्या भेटी वेगवेगळ्या धरल्या आणि दाट वस्तीचा हिशोब निराळा ठेवला. पुढे ओमायक्रॉननं बरे झालेल्यांनाही पुन्हा गाठलं, आणि तिसऱ्या गटातून मागे जाणारा बाण कोविडच्या समीकरणांतही काढावा लागला.