पंखा थांबला म्हणजे संगणक संपला असे नव्हे

शाळांच्या संगणक कक्षांतून दरवर्षी काही यंत्रे 'बिघडलेली' ठरून कोपऱ्यात जातात. त्यांपैकी काहींचे दुखणे एका लहानशा पंख्यापुरतेच असते. तळ्यासारख्या ठिकाणाहून यंत्र दुरुस्तीसाठी माणगाव वा रोह्यास न्यावे लागते आणि तोवर विद्यार्थ्यांची सरावाची पाळी हुकते. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी ही पाळी फार मोलाची असते. म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या पेटीला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो, ते वस्तुतः कॅबिनेट होय. त्यात सामान्यतः तीन ठिकाणी पंखे असतात : प्रोसेसरवर, वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसमध्ये आणि कॅबिनेटच्या मागे वा पुढे. आमचा विषय हा तिसरा पंखा. तो थांबला तरी यंत्र चालते. परंतु आत उष्णता साठून त्याचा वेग मंदावतो वा ते मध्येच बंद पडते. प्रोसेसरवरील पंखा थांबला असेल, तर मात्र यंत्र चालू ठेवू नये. एसएमपीएस तर कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार उरतो.

इतिहासाचा अभ्यासक साधने तपासल्याशिवाय निष्कर्ष काढीत नाही. येथेही तीच शिस्त हवी : एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

प्रथम भिंतीवरील बटण बंद करून वायर काढावी, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करून अंगातील स्थितिक वीज उतरवावी. मग बाजूचा पत्रा काढून पाहावे. एखादी वायर पात्यांत अडकली आहे काय? कोळिष्टके आहेत काय? कोकणच्या दमट हवेत धुळीचा चिकट थर बनतो. तो कोरड्या, मऊ ब्रशने काढावा. हवा मारायची असल्यास पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा पंखा अतिवेगाने फिरून बेअरिंगला इजा होते.

नंतर पाते बोटाने फिरवावे. ते सहज फिरून हळूहळू थांबले तर बेअरिंग ठीक. अडखळले तर दोष तेथेच. साध्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही काळ तारतो. खोबरेल वापरू नये, ते थंडीत गोठते.

त्यानंतर जोडणी. हे पंखे बहुधा 12 व्होल्टवर चालतात. तीन तारांपैकी दोन विजेच्या व तिसरी वेग कळविणारी. चौथी असल्यास ती वेग नियंत्रित करते. जोड मदरबोर्डवर घट्ट बसला आहे ना, हे पाहावे. तरीही पंखा फिरत नसेल, तर वीज बंद करून त्याच जागी चांगला पंखा जोडून पाहावा. तो फिरला तर जुना पंखा दोषी. तोही थांबला तर जोडाची जागा किंवा बायोसमधील मांडणी संशयास्पद.

बायोस अवश्य पाहावे. काही यंत्रांत तापमान कमी असताना पंखा मुद्दामच थांबविलेला असतो. तो दोष नव्हे. तीन तारांच्या पंख्याचा वेग कमी-अधिक करावयाचा तर 'डीसी' हा पर्याय लागतो. परंतु तेथे वेग फारच कमी ठेवल्यास अपुऱ्या व्होल्टेजमुळे पंखा सुरूच होत नाही. वेग वाढवून पाहावा.

नवा पंखा घ्यावयाचा तर आधी माप घ्यावे; 80, 92 व 120 मिलिमीटर ही प्रचलित मापे. चौकटीवर बाण असल्यास तो हवेची दिशा दाखवितो. साधारणतः पुढील पंख्याने हवा आत घ्यावी व मागील पंख्याने बाहेर टाकावी.

माजी विद्यार्थ्यांस आमची एवढीच विनंती : शाळेस जुना संगणक देताना त्याचे पंखे तपासून द्यावेत. आणि भेटीस याल तेव्हा एखादे कॅबिनेट मुलामुलींसमोर उघडून ही तपासणी त्यांच्याच हातून करवून घ्यावी. यंत्र वापरणारा हात ते दुरुस्तही करू शकतो, हा विश्वास त्यांना त्यातूनच लाभेल.