ऐझॉलच्या चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना

रविवारी ऐझॉलमधली दुकानं बंद असतात. मग जवळचं प्रेस्बिटेरियन चर्च गाठावं. वेल्श मिशनऱ्यांनी रुजवलेला हा पंथ मिझोराममधला सर्वांत मोठा. मूर्ती, धूप इथे शोधू नका. भर बायबलवाचन आणि प्रवचनावर, तेही मिझो भाषेत. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात, हे जोडप्यांनी लक्षात ठेवावं. कपडे नीटनेटके हवेत. स्थानिक स्त्रिया पारंपरिक ‘पुआन’ नेसतात.

भाषा कळली नाही तरी गाणं चुकवू नये. ‘खुआंग’ या ढोलाच्या ठेक्यावर अख्खा समुदाय वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत गातो. गंमत म्हणजे, सुरुवातीच्या काळात या ढोलाला चर्चमध्ये मज्जावच होता!

दानाची सक्ती नाही. इथलं मोठं दान स्वयंपाकघरातून येतं. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढायचे, ही ‘बुहफाई थाम’ची प्रथा १९१० पासूनची. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, दर रविवारी नसतं. असलं तर पाहुण्यांनी शांत बसून राहावं.

मिझोराममध्ये शिरायला इनर लाइन परमिट लागतं, ते विसरू नका.