पेशीपटलातील प्रथिनांची नाजूक घडी

मानवी शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेदरेणूंचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी दहा हजारांहून अधिक पटले मावतील. या पटलात रोवलेली प्रथिने ही पेशीची दारे होत. क्षारांची ने-आण करणे, बाहेरचे संदेश आत पोहोचवणे ही कामे तीच करतात. आपल्या जनुकांपैकी सुमारे पाव हिस्सा अशा प्रथिनांसाठी खर्ची पडतो आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधे याच प्रथिनांवर काम करतात. मात्र हे काम होण्यासाठी प्रथिनाची घडी अचूक बसावी लागते. ती कोणत्या बळावर बसते आणि का बिघडते, हा प्रश्न आता थेट रुग्णाच्या जगण्याशी जोडला गेला आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. यातील काही अमिनो आम्ले पाण्यात रमणारी, तर काही पाण्यापासून दूर पळणारी असतात. पेशीतील पाण्यात वावरणाऱ्या प्रथिनांमध्ये पाणी टाळणारे भाग एकत्र येऊन आत दडतात. पाण्यावर टाकलेले तेलाचे थेंब एकमेकांना बिलगतात, त्याचेच हे सूक्ष्म रूप. घडी बसण्यामागचे मुख्य बळ हेच. पण पटलाचा गाभा मुळातच तेलकट. तेथे पाणीच नाही, तर पाण्यापासून पळायचे कशाला? मग पटलातील प्रथिनाला आकार कोण देते?

जाँ-ल्यूक पोपो आणि डोनाल्ड एंगेलमन या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या कोड्याची उकल दोन टप्प्यांत मांडली. पहिल्या टप्प्यात साखळीचे तेलकट तुकडे पटलात शिरतात. साखळीच्या कण्यावर ठिकठिकाणी विद्युतभार असमान वाटलेले अणुगट असतात. ते तेलात उघडे ठेवणे ऊर्जेच्या दृष्टीने फार महाग पडते. म्हणून साखळी जिन्यासारखी वळते आणि हे गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंततात. पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो आणि या वळणात प्रत्येक अमिनो आम्लामागे लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते. म्हणजेच पटल ओलांडायला साधारण वीस अमिनो आम्ले पुरतात. दुसऱ्या टप्प्यात ही वळणे एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात. येथे कामी येतात ती अणूंमधील क्षीण आकर्षणे, मोजके हायड्रोजन बंध आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत चपखल बसणे.

या विचाराला बळ देणारा एक महत्त्वाचा पुरावा हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून आला होता. १९६८ चे नोबेल पारितोषिक जनुकीय संकेताच्या कार्यासाठी मिळवणारे खुराना पुढे पटलातील प्रथिनांकडे वळले. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या सात वळणांच्या जांभळ्या प्रथिनाची घडी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे मोडली. १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की योग्य मेदरेणूंच्या सान्निध्यात त्याची घडी पुन्हा बसते, रंग परततो आणि कामही सुरू होते. घडीची माहिती साखळीतच दडलेली असते, हे पटलातील प्रथिनांनाही लागू होते, असा त्याचा अर्थ.

मात्र ही घडी भक्कम नसते. बहुतेक प्रथिनांमध्ये घडी बसलेल्या आणि मोडलेल्या अवस्थांतील ऊर्जेचा फरक प्रतिमोल ५ ते १५ किलोकॅलरी इतकाच असतो. कार्बनच्या दोन अणूंमधील एक साधा बंध तोडायला याच मापाने सुमारे ८३ किलोकॅलरी लागतात. घडी बसवणारी आणि मोडणारी बळे दोन्ही मोठी, पण जवळजवळ तुल्यबळ. शिल्लक उरते ती थोडीच. म्हणूनच एखादा लहानसा बदलही पारडे फिरवू शकतो.

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार त्याचे ठळक उदाहरण. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यापासून तयार होणारे सीएफटीआर हे प्रथिन १४८० अमिनो आम्लांचे असून ते क्लोराइडचे दार म्हणून काम करते. पाश्चात्त्य देशांतील बहुसंख्य रुग्णांत ५०८ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल, फेनिलअ‍ॅलनिन, गळालेले असते. ही जागा पटलात नसून पेशीच्या आत लोंबणाऱ्या भागात, पटलातील भागाशी जुळणाऱ्या सांध्यावर आहे. सांधा ढिला झाल्याने घडी नीट बसत नाही. पेशीची तपासणी यंत्रणा असे प्रथिन नष्ट करते, दार पटलापर्यंत पोहोचतच नाही. परिणामी फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि जंतुसंसर्ग वारंवार होतो.

हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, याचा संकेत १९९२ मध्ये मिळाला. प्रयोगशाळेतील पेशी शरीराच्या तापमानापेक्षा बऱ्याच थंड ठेवल्या, तेव्हा तेच सदोष प्रथिन पटलापर्यंत पोहोचले आणि कामही करू लागले. उष्णतेचे हिसके कमी झाले, की डळमळीत घडीही तग धरते. रुग्णाला थंड ठेवता येत नाही. पण घडीला टेकू देणारा रेणू शोधता येतो. एलेक्झाकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर या तिघांच्या एकत्रित औषधाला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पहिले दोन रेणू घडी सावरतात, तिसरा दार उघडे राहण्यास मदत करतो. २०२२ मध्ये उजेडात आलेल्या रचनाचित्रांनुसार हे तिन्ही रेणू प्रथिनाच्या पटलातील भागालाच चिकटतात. दोष पटलाबाहेर असला, तरी गमावलेली ऊर्जा पटलातून भरून काढता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

अर्थात प्रश्न संपलेला नाही. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा या औषधाची वार्षिक किंमत तीन लाख डॉलरहून अधिक होती. भारतीय रुग्णांत ५०८ व्या स्थानावरच्या दोषाचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळले आहे. त्यामुळे येथे प्रत्येक रुग्णाचा नेमका दोष ओळखणे अधिक महत्त्वाचे ठरते. दृष्टी हळूहळू हिरावणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या काही प्रकारांतही ऱ्होडॉप्सिन या पटलातील प्रथिनाचीच घडी बिघडलेली असते. तेथेही असाच टेकू शोधायचा, तर कोणत्या जागी किती ऊर्जा कमी पडते, याचा हिशेब आधी मांडावा लागेल.