मोटारीच्या इंजिनाचा दोष घरच्या घरी कसा ओळखावा?

भाजीपाला, दूध किंवा फळे बाजारात वेळेवर पोचविण्यासाठी आता पुष्कळ गावांत बैलगाडीची जागा लहान मालवाहू मोटारीने घेतली आहे. पहाटे माल भरून निघावे आणि नेमका त्याच वेळी चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागावा, असा अनुभव अनेकांना येतो. गाडी चालत असते. परंतु पुढे जावे की परत फिरावे, हे उमगत नाही. पुढे गॅरेजमध्ये अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात, पैसा खर्च होतो आणि आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

हा खर्च टाळण्याचे एक लहानसे साधन हल्ली सहज मिळते. त्यास कोड रीडर अथवा स्कॅनर म्हणतात. त्याचा उपयोग करावयाचा असेल तर एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावयास पाहिजे. दोष कोठे शोधावा, एवढेच हे उपकरण सांगते. कोणता भाग बदलावा, हे ते सांगत नाही.

संगणक काय नोंदतो?

नव्या मोटारीतील इंजिनावर एका लहान संगणकाची देखरेख असते. हवा किती आत आली, पाणी किती तापले, इंधनाचा दाब किती आहे, ही माहिती त्यास निरनिराळ्या सेन्सरांकडून वायरींच्या द्वारे मिळते. एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले म्हणजे संगणक त्या दोषाचा ठराविक संकेत नोंदवून ठेवतो व पिवळा दिवा लावतो.

ही पद्धत मूळ धुराचे प्रदूषण आटोक्यात ठेवण्यासाठी निघाली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना व हलक्या मालवाहू गाड्यांना सोळा टोकांचे एकाच घाटाचे सॉकेट आणि समान संकेत सक्तीचे झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मोटारींत ही सोय असते. त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती आढळते. ज्या जुन्या गाडीत किंवा ट्रॅक्टरात संगणकच नाही, तेथे मात्र या उपकरणाचा काही उपयोग नाही.

संकेत वाचण्याची रीत

प्रथम बॅटरी तपासावी. इंजिन बंद असता तिचा दाब सुमारे १२.५ व्होल्ट आणि इंजिन चालू असता सुमारे १४ व्होल्ट असावा. बॅटरी अशक्त असल्यास संगणक अनेक खोटे दोष नोंदवितो.

सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. चावी बंद ठेवून उपकरण जोडावे आणि नंतर इंजिन सुरू न करता चावी फिरवावी. उपकरण मुळीच उजळले नाही, तर फ्यूज पाहावा. दिसलेले सर्व संकेत वहीत उतरवून घ्यावेत. दोष नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे व तापमान किती होते, हेही पुष्कळ उपकरणे दाखवितात; तेही लिहून ठेवावे. हे लिहून होईपर्यंत संकेत पुसू नयेत. पुसल्याने दोष जात नाही, त्याचा पुरावा मात्र जातो.

संकेताची फोड अशी असते. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअर यंत्रणेचा, सी असेल तर ब्रेक, स्टिअरिंग आदींचा, बी असेल तर गाडीच्या सांगाड्यावरील विद्युत् यंत्रणेचा आणि यू असेल तर संगणकांच्या आपसांतील संपर्काचा होय. ब्रेक व एअरबॅग यांचे दोष घरी हाताळू नयेत. ते जाणकाराकडेच न्यावेत.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण पी ०११८ या संकेताचे. तो इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सराच्या मंडळातील दोष दाखवितो. अशा वेळी चालू मापे पाहावीत. वैशाखाच्या उन्हात उपकरण पाण्याचे तापमान उणे ४० अंश दाखवीत असेल, तर पाणी गोठलेले नसून वायर तुटलेली किंवा जोड निखळलेला आहे, असे समजावे. धान्याच्या कोठीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, ही नित्याची गोष्ट आहे. येथे वायर सांधल्याने काम भागते. नवा सेन्सर बसविला तरी दिवा जाणार नाही.

दुसरे उदाहरण पेट्रोल गाडीतील पी ०३०१ चे. याचा अर्थ पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेट घेत नाही. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद व थंड असताना पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉइलांची अदलाबदल करावी, संकेत पुसावा व गाडी चालवून पाहावी. आता पी ०३०२ असा संकेत आला, तर दोष कॉइलीबरोबर सरकला, म्हणजे कॉइल नादुरुस्त आहे. पुन्हा ०३०१ च आला, तर स्पार्क प्लग, इंजेक्टर व सिलिंडरातील दाब यांची क्रमाने तपासणी करावी.

तिसरे उदाहरण डिझेल गाडीतील पी ००८७ चे. याचा अर्थ रेलमधील इंधनाचा दाब कमी पडतो. भार घेऊन चढ चढतानाच हा दोष नोंदला गेला असेल, तर प्रथम डिझेल फिल्टर पाहावा. डब्यात साठविलेल्या डिझेलातील पाणी व गाळ यांनी तो तुंबतो. फिल्टर बदलल्यावरही दाब न वाढल्यास मगच महागड्या पंपाचा विचार करावा. चालू इंजिनावर रेलची नळी कधीही सैल करू नये. तेथे वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाब असू शकतो आणि उडालेली धार कातडी भेदून आत शिरते.

खबरदारी

पिवळा दिवा स्थिर असेल व गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर भार व वेग कमी ठेवून घर गाठता येते. तो लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकारक भागात जाऊन तो भाग तापून निकामी होण्याचा संभव असतो. सुरक्षित जागी गाडी थांबवावी. तेलाचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागल्यास कोड रीडर शोधीत न बसता, गाडी बाजूस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. विजेवरील पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो; म्हणून उपरणे, पदर व हात त्यापासून दूर ठेवावेत. इंजिन चालू ठेवून करावयाची तपासणी बंद खोलीत न करता उघड्यावर करावी. काम संपल्यावर उपकरण काढून ठेवावे, नाही तर बॅटरी उतरते.

वहीचे महत्त्व

एका वेळी एकच दुरुस्ती करावी, नंतर संकेत पुसावा, गाडी दोनतीन दिवस चालवावी व पुन्हा वाचन घ्यावे. तारीख, संकेत, तपासणी व खर्च यांची नोंद वहीत ठेवावी. वॉरंटीतील गाडीस हात न लावता ती वही अधिकृत केंद्रात दाखवावी. गॅरेजमध्ये एखादा भाग बदलण्यास सांगितले, तर तो खराब असल्याचे कोणत्या तपासणीवरून ठरले, असे नम्रपणे विचारावे. चांगल्या कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रत्येकाने स्वतंत्र उपकरण घेण्याची आवश्यकता नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चारसहा गाडीमालकांस एकत्र आणून एक उपकरण व एक सामाईक वही ठेवण्याची व्यवस्था करावी. पिकावर रोग दिसला म्हणजे शहाणा शेतकरी पान उलटून पाहिल्यावाचून औषध फवारीत नाही. इंजिनाच्या बाबतीतही तोच नेम पाळावा.